जुन्या जागी नवे घर: परवानगी हा उपकार नव्हे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या गावांत जुने घर उतरवून त्याच जागी नवे बांधायचे म्हटले की एक युक्तिवाद ठरलेला असतो. तो पंचायत कचेरीत ऐकू येतो, तालुक्याच्या ठिकाणी ऐकू येतो, आणि अलीकडे गावातली शिकलेली माणसेही तो करू लागली आहेत. गावठाणातल्या घरांना धड कागद नाहीत, हद्दी ठरलेल्या नाहीत, भावाभावांत हिस्से पडलेले नाहीत, मग परवानगी द्यायची कशाच्या आधारावर? आधी कागद नीट करा, मोजणी करून घ्या, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा, मग बघू. नियम सैल सोडले तर गावे बकाल होतील. ऐकायला हे सारे जबाबदारीचे वाटते. पण हा युक्तिवाद कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, व्यवहाराच्याही टिकत नाही, आणि तो ज्यांच्या माथी मारला जातो त्यांच्या जिवावर बेततो. म्हणून त्याचे एकेक कलम तपासून उत्तर देणे गरजेचे आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. कर्नाटकाच्या 1993 च्या ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियमाचे 64 वे कलम घरबांधणीबद्दल आहे. ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही इमारत बांधता येत नाही, असलेल्या इमारतीत फेरफार किंवा वाढ करता येत नाही आणि जुनी इमारत नव्याने उभारताही येत नाही. परवानगी लागते, याबद्दल वाद नाही. मात्र त्याच कलमात पुढे म्हटले आहे की अर्ज पोचल्यापासून साठ दिवसांत पंचायतीने निर्णय घेऊन अर्जदाराला कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाईल आणि अर्जदाराला काम सुरू करता येईल. ते काम कायदा आणि नियम मोडणारे नसावे एवढीच अट. कायदा करणाऱ्यांनी उशिराचा भार कुणावर टाकला, हे यातून स्पष्ट दिसते. पंचायत गप्प बसली तर त्याचे नुकसान घरमालकाने सोसायचे नाही, असा हा सरळ निवाडा आहे. ‘मग बघू’ हे उत्तर या कलमात कुठेही बसत नाही. होकार द्या किंवा कारण लिहून नकार द्या, असे दोनच मार्ग पंचायतीपुढे आहेत.

मग साठ दिवसांचा हा नियम गावात कामाला का येत नाही? कारण अर्जच घेतला जात नाही. उतारा पाहून, नकाशा पाहून, अमुक कागद नाही म्हणून तोंडी सांगून माणसाला परत पाठवले जाते. अर्जाची नोंद नाही म्हणजे पोच नाही. पोच नाही म्हणजे साठ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. आणि लेखी नकार नाही म्हणजे वर अपील करायलाही जागा उरत नाही. कायद्याने नागरिकाला दिलेला हक्क कचेरीच्या उंबऱ्यावरच असा संपवला जातो. पंचायत विकास अधिकाऱ्यावर (पीडीओ) कामाचा बोजा आहे, पंचायतीत माणसे कमी आहेत, हे मान्य करू. पण अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारायला आणि तारीख घालायला किती मनुष्यबळ लागते?

‘कागदच नाहीत’ हा या युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम समजला जाणारा भाग. खरे तर तोच सगळ्यात कच्चा आहे. गावठाणातल्या घरांना सातबारासारखा उतारा का नाही, याचे कारण घरमालकाच्या निष्काळजीपणात शोधून सापडणार नाही. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली ती शेतसारा ठरवण्यासाठी. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाच्या आतली घरे एकेक करून मोजण्याची सरकारला तेव्हा गरज वाटली नाही. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे त्या राज्याचे कर्नाटक झाले, पण गावठाणाच्या पोटात कुणाचे घर किती, हे मोजण्याचे काम मागेच राहिले. अखेर 24 एप्रिल 2020 ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणे मोजायची आणि घरमालकांना मालमत्ता पत्रके द्यायची, असे तिचे स्वरूप. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत कर्नाटक होते, महाराष्ट्रही होता. गावठाणातल्या घराची नोंद करणे हे आपलेच काम होते आणि ते राहून गेले, याची सरकारने दिलेली ही कबुलीच आहे. जे काम सरकारने पिढ्यान्‌पिढ्या केले नाही, ते पूर्ण होईपर्यंत पडक्या भिंतीखाली राहण्याची शिक्षा रहिवाशाला कशी देता येईल?

आणि पंचायतीकडे काहीच नोंद नाही, हेही खरे नाही. ज्या घराला परवानगी देताना कागद सापडत नाही, त्याच घराची घरपट्टी वर्षानुवर्षे वसूल होते. घराला नंबर आहे, कर आकारणीच्या वहीत मालकाचे नाव आहे, नळाचे कनेक्शन आहे, हेस्कॉमचे वीजबिल त्याच पत्त्यावर येते, मतदारयादीत त्याच घराखाली नावे आहेत. कर घेण्याइतके घर खरे असेल, तर परवानगी देण्याइतकेही ते खरेच आहे.

इथे ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतींच्या मालमत्ता-नोंदींच्या व्यवस्थेचा मुद्दा पुढे केला जातो. या संगणकीय व्यवस्थेत गावठाणातल्या आणि रीतसर बिगरशेती झालेल्या मालमत्तांना नमुना 9 आणि 11-अ मिळतो, बाकीच्यांना 11-ब. गावठाणातल्या घरासाठी मोजणी खात्याचा नकाशा लागतो. ही व्यवस्था आणण्यामागचे कारण योग्यच होते. बेळगाव शहराभोवती आणि महामार्गालगत शेतजमिनीचे तुकडे बिगरशेती न करताच प्लॉट म्हणून विकले गेले. रस्ता नाही, गटार नाही, अशा जागा घेऊन सामान्य माणसे फसली. त्याला आळा बसायलाच हवा होता. पण शेतात नव्याने पाडलेल्या प्लॉटसाठी ठरवलेली कसोटी पणजोबांच्या काळापासून गावच्या गल्लीत उभ्या असलेल्या घराला लावणे चूक आहे. तिथे कुणी शेत मोडलेले नाही, कुणी प्लॉट विकलेला नाही, नवी वस्ती बसवलेली नाही. जुने जोते आहे, त्यावर जुन्या भिंती आहेत, आणि त्याच जोत्यावर त्याच कुटुंबाला पक्के घर बांधायचे आहे. मालमत्तेच्या खरेदी-विक्रीसाठी नमुना 9 मागणे समजू शकते. राहत्या घराच्या पुनर्बांधणीला तोच अडसर करणे समजू शकत नाही.

या अडवणुकीची किंमत कोण मोजते? आमच्याकडची जुनी घरे मातीच्या भिंतींची. पुढे सोपा, आत माजघर, कडेला गोठा, मागे परडे, वर कौले. चांगली राखली तर ही घरे पिढ्या काढतात. पण वासे किडले, आढे वाकले, पाणी भिंतीत मुरू लागले की पावसाळ्यातली प्रत्येक रात्र धोक्याची असते. ऑगस्ट 2019 च्या पुरात वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या गावांनी भिंती पाण्यात विरघळताना पाहिल्या. 6 ऑक्टोबर 2021 ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसाने भिजलेल्या घराची भिंत कोसळली आणि सात माणसे गेली. त्या घराच्या कागदपत्रांचा इथे काही संबंध जोडायचा नाही. सांगायचे एवढेच की जुनी मातीची भिंत किती जीव घेऊ शकते, हे या जिल्ह्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. ज्याला हे ठाऊक आहे, तो ‘मोजणीचा नंबर लागेपर्यंत थांबा’ असे सांगू शकणार नाही.

2019 च्या पुरानंतर याच राज्याच्या यंत्रणेने घराघरांत माणसे पाठवून नुकसानीची पाहणी केली. घरे ए, बी, सी अशा वर्गांत बसवली, पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर केली आणि बांधकाम जसे वर येईल तसे फोटो घेऊन हप्ते सोडले. त्या पाहणीत त्रुटी राहिल्या, पात्र असून वगळलेल्यांच्या तक्रारीही झाल्या. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. जागेवर जाऊन घर पाहणे, त्याची स्थिती लिहिणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे सरकारला जमते. घर पडल्यावर जे जमते, ते पडण्याआधी का जमू नये?

आता हिस्सेदारांचा मुद्दा. हा आक्षेप मी हलका मानत नाही. एक भाऊ पुण्याला, दुसरा मुंबईला, तिसरा इचलकरंजीला कारखान्यात, बहिणी सासरी, आणि गावात म्हाताऱ्या आईबरोबर एकच भाऊ, असे आपल्याकडे घरोघरी आहे. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. गावातल्या भावाने घर बांधले आणि पुढे ‘घर मी बांधले, जागा माझी’ म्हणाला तर बाकीच्यांचे काय? विशेषतः बहिणींचे? 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला आहे, आणि तो बुडवण्याच्या वाटा शोधल्या जातात हेही आपण सगळे जाणतो.

पण या भीतीवर सगळ्यांच्या सह्यांची सक्ती हा उपाय नाही. बांधकाम परवानगीने मालकी सिद्ध होत नाही. ती फक्त सांगते की या जागेवर या नकाशाप्रमाणे बांधायला हरकत नाही. मालकी कुणाची, हिस्सा किती, हे दिवाणी न्यायालय ठरवते; पंचायत नाही. ज्याला बांधकाम थांबवायचे आहे, त्याला त्याच न्यायालयातून मनाई हुकूम आणता येतो. सगळ्यांच्या सह्यांशिवाय परवानगी नाही असा दंडक घातला की एका रुसलेल्या भाऊबंदाच्या हाती आख्ख्या कुटुंबाचे छप्पर जाते. त्याला कोर्टात जावे लागत नाही, आक्षेपाचे कारण लिहावे लागत नाही. सही न करणे पुरते. पुष्कळदा त्या सहीची किंमत रोख रकमेत ठरते. बहिणीचा हक्क याने राखला जात नाही. उलट घर बांधायची घाई दाखवून तिच्याकडून हक्कसोडच लिहून घेतली जाते. त्यापेक्षा हिस्सेदारांना पंचायतीने नोटीस द्यावी, पंधरा दिवसांत लेखी हरकत मागवावी, आणि परवानगीच्या कागदावरच ठळक लिहावे की ‘या परवानगीने कोणाच्याही मालकी वा हिस्स्याच्या हक्काला बाध येत नाही’. बहिणीचे रक्षण त्या एका ओळीने जितके होईल, तितके दहा सह्यांनी होणार नाही.

राहिला बकालपणाचा मुद्दा. गल्ल्या अरुंद आहेत, रुग्णवाहिका आत येत नाही, गटारे तुंबतात, हे खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून गावठाणातल्या घरमालकाला शहरातल्या प्लॉटसारखी चारी बाजूंनी जागा सोडायला सांगणे अशक्य कोटीतले आहे. आपली घरे रुंदीला कमी आणि आत लांबवर गेलेली, दोन घरांमध्ये समाईक भिंत असलेली. दोन्ही बाजूंना जागा सोडली तर मध्ये राहायला खोली उरणार नाही. रस्ता रुंद हवा असेल तर पंचायतीने ग्रामसभेत चर्चा करून गल्लीची रेषा आखावी, ती नकाशावर सगळ्यांना दाखवावी आणि जाणाऱ्या जागेची रीतसर भरपाई द्यावी. ती रेषा आखलेली नसताना प्रत्येक अर्जदाराशी वेगळी घासाघीस करणे याला नियोजन म्हणत नाहीत. त्यात वजनदार माणसाचा ओटा रस्त्यावर राहतो आणि गरिबाची भिंत मागे सरते.

या टप्प्यावर आपल्याच बाजूच्या काही मंडळींनाही उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे की परवानगीची भानगडच नको. आपली जागा, आपले घर, बांधून टाका, कोण पाडायला येतो? हा सल्ला कुटुंबाला खड्ड्यात घालणारा आहे. 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की बांधकाम पूर्णत्वाचा किंवा वापराचा दाखला पाहिल्यावरच वीज-पाण्याच्या जोडण्या द्याव्यात आणि बँकांनीही तो तपासूनच कर्ज द्यावे. त्यानंतर 2025 मध्ये कर्नाटकात नव्या वीजजोडण्या अडल्या आणि शहरांतल्या लहान घरांसाठी सरकारला सवलत काढावी लागली. म्हणजे परवानगीचा कागद उद्या आजच्यापेक्षा जास्त लागणार आहे. शिवाय पूररेषेत पुन्हा त्याच उंचीचे जोते घालणे, गटारावर पायरी काढणे, शेजाऱ्याची भिंत विचारात न घेता खोदकाम करणे, हे रोखायलाही परवानगी हवीच. परवानगी रद्द करा अशी मागणी कुणीही करू नये. मागणी आहे ती परवानगी कायद्याप्रमाणे, मुदतीत आणि कागदावर देण्याची. साठ दिवसांनंतर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, हे चांगलेच. पण ‘मानलेली’ परवानगी बँकेच्या किंवा हेस्कॉमच्या टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून मुदत संपताच पंचायतीने तसा दाखला देणे बंधनकारक हवे.

हे काही आकाशातून तारे आणण्यासारखे नाही. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून पलीकडे कागल तालुक्यात गेले की चित्र वेगळे आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आणि कागलचेच आमदार हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण घरांसाठी नवी पद्धत जाहीर केली. 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी मालकीचा कागद, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यायचा, शुल्क भरायचे आणि काम सुरू करायचे. त्यापुढे 3200 चौरस फुटांपर्यंत नगररचना खात्याकडे जाण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीनेच ठरावीक दिवसांत शुल्क कळवायचे आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला द्यायचा. तिकडेही सारे सुरळीत चालते असा माझा दावा नाही. मालकीच्या कागदाची अडचण तिथल्या गावठाणातही आहे. पण निर्णयाची दिशा योग्य आहे. लहान घराच्या बाबतीत जबाबदारी अभियंत्याच्या सहीवर टाकली आणि कचेरीच्या मर्जीचा भाग कमी केला.

हे उदाहरण दिले की लगेच उत्तर येते, ‘मग तिकडेच जा.’ महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझी मते ठाम आहेत, पण हा लेख त्यासाठी नाही. पावसात कोसळणारी भिंत आतला माणूस कुठली भाषा बोलतो हे विचारत नाही. बडाल अंकलगीचे दुःख आणि निपाणी भागातल्या पूरग्रस्तांचे दुःख एकच आहे. इथे मागितले आहे ते कर्नाटकाच्याच कायद्याचे 64 वे कलम. या राज्याचा नागरिक म्हणून, या राज्याचा कर भरून, या राज्याच्या विधिमंडळाने दिलेला हक्क मागणे यात तिकडचे काय आहे?

भाषेचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाला अर्जात काय लिहिले आहे ते वाचता येत नसेल, तर तो कशावर सही करतो हे त्याला कसे कळणार? जुन्या मराठी दस्तांतले आडनाव कन्नड नोंदीत वेगळे उतरले की पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा फेऱ्या. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती किमान पंधरा टक्के असेल तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षणही जुनेच आहे. कचेरीचे दप्तर कन्नडमध्ये राहू द्या. परवानगीचा अर्ज, कागदांची यादी आणि नकाराचे कारण मराठीतही मिळाले तर त्यात कन्नडचे काहीही कमी होत नाही. लोकांच्या चकरा कमी होतात, मध्यस्थांचा धंदा कमी होतो.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. जुन्या जोत्यावर, जुन्याच लांबी-रुंदीत बांधल्या जाणाऱ्या राहत्या घरासाठी वेगळी, सोपी परवानगी असावी. तिच्यात पंचायतीने चारच गोष्टी तपासाव्यात: जुने जोते कुठवर आहे, रस्ता आणि गटार मोकळे राहते का, भिंती आणि छप्पर सुरक्षित आहे का, आणि पूर येणाऱ्या गावात जोत्याची उंची पुरेशी आहे का. पुरावा म्हणून घरपट्टीची नोंद, वीजबिल आणि पंचांसमोरचा पंचनामा ग्राह्य धरावा. अर्ज आला की पोच, साठ दिवसांत लेखी निर्णय, आणि मुदत टळली तर तसा दाखला. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. ग्रामसभेचा ठराव, तालुका पंचायतीची सूचना आणि काम करण्याची इच्छा पुरेशी आहे.

ही इच्छा वरून येण्याची वाट पाहू नका. तुमचे घर उतरवायला आले असेल तर तोंडी विचारून परत फिरू नका. अर्ज लिहा, नकाशा आणि घरपट्टीच्या पावत्या जोडा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. हातोहात घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. नकार दिला तर तो लेखी मागा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक सदस्याला विचारा की गेल्या पाच वर्षांत पंचायतीने किती अर्ज घेतले आणि किती साठ दिवसांत निकाली काढले. कायदा तुमच्या बाजूने आहे. तो वापरला नाही तर तो कागदावरच राहील, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा तुमच्याच डोक्यावर असेल.